गुणवंतरावांचं गवत

दिवाळीच्या फराळाला आमच्या शेजारच्या गुणवंतरावांकडे गेलात, तर चकलीच्या आधी हातात लोकरीचे मोजे पडतात. मूर्तिजापुरात दिवाळीला कुठली आलीय एवढी थंडी! पण गुणवंतरावांचा हुकूम म्हणजे हुकूम. "घाला जी मोजे. फराळ काही पळून नाही चालला."

मग वरात निघते. आधी बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रुळांकडेला, जिथं कुसळी गवत गुडघाभर माजलंय. त्यातून फिरवून आणलं, की पाहुण्यांच्या मोज्यांना कुसळांची दाढी फुटते. तिथून गुणवंतरावांच्या टेकाडावर. एके काळी हे गवताचं रान होतं म्हणे. आधी गुरांनी ते संपवलं, मग मुरूम खणणाऱ्यांनी उरलंसुरलं खरवडून नेलं. त्या उघड्याबोडक्या जागेत बसून पाहुण्यांनी कुसळं उपटायची आणि तिथंच टाकायची. पुढचं काम कुसळ आपलं आपण बघतं. दव पडलं की त्याचा पीळ सुटतो आणि ते फिरत फिरत जमिनीत घुसतं.

गुणवंतराव एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले, पण अजून गाडीतून उतरले नाहीत. पाहुणे एकाच ठिकाणी घोळक्यानं बसले की ओरडतात, "मांगं सरका, मांगं जागा खाली हाय!" माझे अमरावतीचे मेहुणे एकदा नवी पँट घालून यात सापडले. आता ते मूर्तिजापूरला निघण्याआधी फोन करून शेजारी गावाला गेलेत का, एवढंच विचारतात.

"काका, बी हातानं गोळा करून आणा ना," मी एकदा सुचवलं.

"आनतोच ना. पन पाहुना फुकट काहून जाऊ द्याचा?"

त्यांच्या वाढदिवसाला आम्ही सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींनी हौसेनं त्या टेकाडावर कडुनिंबाची रोपं लावली. फोटोही काढले. दुसऱ्या दिवशी ज्याचं रोप त्याच्या दारात, मुळांना ओलं फडकं गुंडाळून, परत! मी तणतणत गेलो. "काका, लोक झाडं लावतात आणि तुम्ही उपटता?"

"झाड तुमच्या दारात लावा अन् सावली घ्या. मले तितर पायजे. तितर गवतात अंडी घालते. झाड आलं का त्याच्यावर कावळा येऊन बसते. मंग अंडी कोनाच्या पोटात जातीन, सांगा?"

रोप आमच्या दारात लावलं.

काकूंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, नजर काचबिंदूनं गेली आहे. जीभ मात्र शाबूत. दारात खुर्ची टाकून त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "आज येते, उद्या येते, आयकूनच राहिली मी. यायचं तितर एसटीनं येऊन राहिलं वाटते." एरवी कुणाचंही ऐकून न घेणारे गुणवंतराव यावर मात्र मोजे उचलून टेकाडाची वाट धरतात. गवत धरत होतं, तितर काही येत नव्हतं. दर हिवाळ्यात त्यांचा चेहरा थोडा जास्त उतरायचा.

यंदा अर्धं टेकाड गवतानं भरलं. एका सकाळी ते काकूंना स्कूटीवर बसवून तिकडे निघाले, मलाही मागून यायला सांगितलं. काकू हातानं गवत चाचपत थोड्या पुढे गेल्या. मी हळूच विचारलं, "काका, तितरच कशाला हवं? गावात मोर आहेत की."

"लगन झालं तवा आमचं घर इथंच होतं, वावरात. सकाळी तितर वरडे, अन् तुमची काकू मले म्हने, आयका ना, थांबा ना जरासे. मी पयल्या गाडीचा कंडक्टर. कधी थांबलो नाही." त्यांनी पँटला चिकटलेलं एक कुसळ काढून खाली टाकलं. "डोळे गेले तवा म्हने, पाहाचं तं संपलं, आता आयकाले तरी काय राहिलं."

तेवढ्यात गवतातून खणखणीत आवाज उठला. एकदा, पुन्हा एकदा. काकूंनी जागच्या जागी हात वर केला. मी मान उंचावून पक्षी शोधत होतो. गुणवंतराव काकूंच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"आयकलं काय वो?" काकूंनी वळून विचारलं.

"आयकलं," ते म्हणाले. "अजून वरडू दे. मले कुठं ड्युटीवर जाचं हाय."