दारावरचा खळगा

शिओरी मिनासेने दीड वर्ष गाडीच्या त्या दाराची रेषा घासली होती. दोघांपुरती, खेळण्याएवढी, पण वाऱ्याशी पैज लावणारी जुनी गाडी नव्या पिढीसाठी पुन्हा घडवायची होती. आणि छोट्या गाड्यांच्या कायद्याने रुंदी बोटभरही वाढवता येत नव्हती. गाडीच्या पूर्ण आकाराच्या मातीच्या नमुन्याची ती सलग, नितळ बाजू म्हणजे तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची म्हणावी अशी गोष्ट होती.

शेवटच्या पाहणीला पहिली गाडी घडवणाऱ्या कुरोसेसाहेबांना मानाने बोलावलं. ब्याऐंशी वर्षांचे साहेब चाकापाशी उकिडवे बसून बराच वेळ पाहत राहिले. उठताना त्यांनी दारावर तळहात टेकला. सकाळीच तापवून चढवलेला मातीचा थर अजून कोमट, मऊ होता. हात आत गेला. साहेबांनी खळग्याकडे पाहिलं, "हं," म्हणाले आणि चहाला गेले.

शिओरीने कोरणी उचलली. "भरून टाकते."

"थांब," विभागप्रमुख उकाई कुजबुजले. "ते 'हं' ऐकलंस ना? त्यांना काही सुचवायचंय."

"तोल गेला हो त्यांचा."

"मग माफी नसती मागितली? आपल्याकडे पायावर पाय पडला तरी माणूस तीनदा वाकतो. नाही मागितली, म्हणजे मुद्दाम."

"आणि रुंदी?"

"आतच गेलंय की. कायद्याचं काय बिघडलं?"

संध्याकाळपर्यंत दुसऱ्या दारावरही तसाच खळगा कोरला गेला. आठवड्याने संचालकांनी त्याचंच तेवढं कौतुक केलं. शिओरी वाकत राहिली.

रविवारी ती गोड वड्यांचा डबा घेऊन साहेबांकडे गेली, गुडघे मुडपून बसली आणि तो खळगा मुद्दाम केला होता का, असं तिने विचारलं.

"मुद्दाम कसलं," साहेब ओशाळले. "गुडघा दगा देतो गं. माफी मागणारच होतो. पण तुम्ही सगळे असे गप्प उभे, वाटलं, बोललो तर तुम्हालाच अवघडेल. उद्या सांगतो उकाईला. भरून टाक. गाडी तुझी आहे."

तिला इतकं हलकं वाटलं की तिने दुसरा चहा घेतला. अंगणात पहिली गाडी उभी होती. तिच्या मागच्या चाकावरच्या पत्र्यातला खळगा हौशी लोक अजून हात फिरवून पाहत.

"हा मात्र तुमचाच ना?"

"नमुन्यावर तिथे कंपनीचे थोरले साहेब बसले होते. डबा खायला."

"मग तुम्ही भरला नाहीत?"

"रोज भरणार होतो. रागच होता तेवढा. मग एकदा बायको चाचणीच्या गाडीतून उतरली आणि तिथे हात टेकून उभी राहिली."

निघताना शिओरीच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. अंगणात ती अडखळली, हात पुढे गेला आणि गाडीच्या खळग्यात बरोबर जाऊन बसला.

"हं," ती म्हणाली.