वार्सिमानांची डुलकी

वेनिंगला मागणी घालायला पाहुणे आले, तेव्हा तिचे वडील वार्सिमान बाटिकचा नवा सदरा घालून जांभया गिळत उभे होते. लवंगी सिगारेटच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, त्याची बक्षिसी म्हणून फुप्फुसांचा जुनाट आजार मिळाला होता. पाठोपाठ मधुमेह आणि हृदयाचं दुखणंही बिऱ्हाड करून राहिलं होतं. आडवं झालं की दम कोंडायचा, म्हणून सारी रात्र बिछान्याच्या काठावर बसून जायची.

"झोप लागते ना?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

"कुंभकर्णासारखी!" वार्सिमानांनी ठोकून दिलं होतं. खरं सांगावं, तर तपासणीसाठी दवाखान्यात ठेवून घेतलं असतं आणि "बाबांना सोडून लग्नच करत नाही," म्हणून पोरगी अडून बसली असती.

मुलाचे काका कासमुरी बोलायला उठले. ते हाडाचे मास्तर. त्यांनी सुरुवातच खापरपणजोबांपासून केली. पंख्याचा गार वारा, पोटात चिकट भाताच्या वड्या. पणजोबांपर्यंत येण्याआधीच वार्सिमानांचा डोळा लागला.

"लग्नानंतर वेनिंग आमच्या प्रासेत्योबरोबर त्याच्या नोकरीच्या गावी, बालिकपापानला राहील. चालेल ना?"

वार्सिमानांची हनुवटी छातीवर पडली.

"आणि लग्न पुढच्याच महिन्यात?"

हनुवटी वर आली, पुन्हा पडली. टाळ्या झाल्या. त्या आवाजाने जाग आली, तेव्हा त्यांनीही वाजवल्या.

स्वयंपाकघरात बायकोने गाठलं. "अहो, समुद्रापलीकडं धाडताय पोरीला? मुलगा इकडं बदली मागणार होता ना?"

वार्सिमानांच्या हातातली बशी कलंडली. मागे वेनिंग उभी होती.

"बाबा, खरंच विचार करून मान हलवलीत?"

झोपलो होतो म्हणावं, तर का झोपलो तेही सांगावं लागणार.

"बाप आहे मी! विचार केल्याशिवाय हलवीन होय?"

वेनिंगने त्यांच्या हातातली बशी घेतली आणि ती पाहुण्यांकडे गेली. पुढचा महिनाभर वार्सिमान रोज सकाळी ठरवत, आज सांगून टाकू. संध्याकाळपर्यंत कधी आचारी आडवा येई, कधी शिंपी.

शेवटी लग्न उरकून पोरगी निघाली, तेव्हा सुराबायाच्या धक्क्यावर, बोटीची शिडी लागल्यावर त्यांना कंठ फुटला. "पोरी, त्या दिवशी झोप लागली होती गं मला. रात्री दम कोंडतो. झोपच नाही."

"माहीत आहे. घोरत होतात."

"कासमुरींनी ऐकलं?"

"म्हणून तर ते आवाज चढवून बोलत होते! यजमानाला उठवणार कसं?" ती हसली आणि लगेच डोळे पुसले. "प्रासेत्यो महिनाभर बदलीचा अर्ज खिशात घालून फिरत होता, बाबा. तुम्ही एकदा 'राहा' म्हणायची वाट बघत होतो. मला वाटलं, तुम्हाला मी जायलाच हवी आहे."

"राहा," म्हणायला वार्सिमानांनी श्वास घेतला. तो छातीत जाऊन परत यायला नेहमीसारखाच वेळ लागला. तोवर वेनिंग वर पोहोचली होती, आणि खलाशी शिडी उचलत होते.