बायकोच्या नावावर सुटलेलं मशीन

देवानंदला मी ‘हो’ म्हणालो, तिथंच सगळं बिघडलं. गोष्ट मोठीही नव्हती. “काका, शुक्रवारी संध्याकाळी तुमच्या घरी एक लहानशी बैठक ठेवू का? गल्लीतलेच दहा-बारा लोक. चहा-भजे तेवढे तुमच्याकडं,” एवढंच तो म्हणाला. दहा-बारा माणसांची भजी तळायला बायको लागते, ‘हो’ म्हणायला मी एकटा पुरतो. म्हणून म्हणालो.

देवानंदचं खामगावात डिशचं दुकान आहे. आमच्या भागातल्या गच्च्यांवरच्या निम्म्या छत्र्या त्यानंच बसवल्या आहेत. त्याच्या कंपनीनं एक नवीन मशीन आणलं होतं आणि ते पाहिल्यापासून मला जेवण गोड लागत नव्हतं. हॉलमध्ये एक मोठा डबा. बाकीच्या प्रत्येक टीव्हीला एकेक छोटा डबा. मोठा डबा कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवतो, आणि तो तुम्ही कोणत्याही खोलीत, पाहिजे तेव्हा पाहायचा. मध्येच थांबवा, मागे घ्या, पुढे पळवा. एका खोलीत भजन, दुसरीत मालिका, तिसरीत कबड्डी, आणि भांडण कुठंच नाही!

आमच्या घरात टीव्ही तीन आणि डबा एकच. एक हॉलमध्ये, एक आबांच्या म्हणजे माझ्या वडिलांच्या खोलीत, आणि एक छोटा स्वयंपाकघरात. त्या एका डब्यातून वायरी काढून तिन्ही टीव्ही जोडले आहेत (ही अक्कल माझी). त्यामुळं हॉलमध्ये जे लागेल तेच तिन्हीकडं दिसतं, आणि रिमोट ज्याच्या हातात, घर त्याच्या हातात.

त्या बुधवारी रिमोट माझ्या हातात होता.

त्याचं असं झालं. माझी बायको पुष्पांजली बचत गटाची अध्यक्ष आहे. त्यांचे उडदाचे पापड आता पार अकोल्यापर्यंत जातात. एका वाहिनीवाल्यांनी येऊन तिची मुलाखत घेतली होती आणि ती बुधवारी साडेसहाला लागणार होती. मला वाटलं साडेसातला. बरोबर साडेसहाला मी कबड्डी लावली. स्वयंपाकघरातल्या टीव्हीसमोर बिचारी पुष्पांजली नवी साडी नेसून बसली होती. पडद्यावरची पुष्पांजली “नमस्कार, मी” एवढंच म्हणाली आणि तिच्या जागी मांड्या थोपटणारे सात गडी आले. मी रिमोट शर्टाच्या खिशात ठेवून गच्चीवर पाण्याची टाकी बघायला गेलो होतो, त्यामुळं खालची हाक मला ऐकू आली नाही. खाली आलो तेव्हा ऐकायला काही उरलंच नव्हतं. ती बोलतच नव्हती. त्यानंतर वरणात मीठ पडलं नाही.

मोबाईलवर शोधलं, कुठं सापडेना. शेवटी कळलं की तोच कार्यक्रम रविवारी सकाळी सातला पुन्हा लागणार आहे. पण रविवारी तिच्या बहिणीच्या पोरीचा साखरपुडा सोनाळ्याला, आणि सातला ही एसटीत! म्हणजे रेकॉर्डिंगशिवाय गत्यंतर नव्हतं. तिनं मला तोंडावर काही म्हटलं नाही, पण आबांना म्हणाली, “मामंजी, एकदाच तर टीव्हीवर आली होती मी.” ते मी दाराआडून ऐकलं. खरं सांगतो, काळजात कालवलं. ते मशीन आणायचंच, असं मी तिथंच ठरवलं.

आणि देवानंदनं काय योग जुळवून आणावा! कंपनीला आपल्या जिल्ह्यात या मशीनचा भाव ठरवायचा होता. गिऱ्हाईक किती पैसे देईल हे विचारायला पुण्याहून प्रेरणा मॅडम येणार होत्या. ज्याच्या घरी बैठक, त्याच्या घरी मशीन आधीच बसवून दाखवायचं. आणि बैठकीत लोकांच्या तोंडून जो भाव निघेल, त्याच भावात ते मशीन घरमालकाचं.

माझं डोकं लगेच चाललं. लोक कमी बोलले की मला स्वस्त! गुरुवारीच मी गल्ली फिरलो. भाजीपाला पिकवणारे माणिकराव समोरच राहतात, त्यांना सांगितलं, “चारशेच्या वर जायचं नाही.” शेजारच्या मंजुळाबाईंची तेरा एकर शेती आहे, त्यांना हात जोडून म्हणालो, “पाचशे म्हणजे डोक्यावरून पाणी.” सगळे हो म्हणाले. पुष्पांजलीला मात्र या सौद्यातलं अवाक्षर सांगितलं नाही. सरप्राइज द्यायचं होतं. तिला एवढंच माहीत की मशीन बसलं आहे आणि रविवारचा कार्यक्रम त्यात लावून ठेवला आहे. त्या दिवशी वरणात मीठ पडलं.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. मी खामगावच्या बाजार समितीत आहे. एकोणीस वर्षं हर्रास पुकारतो. म्हणजे शेतकऱ्यानं सोयाबीनचा, तुरीचा ढीग घातला की व्यापारी त्याभोवती जमतात, बोली बोलतात, आणि मी ती गळा ताणून वर वर चढवतो. शेतकऱ्याला दोन पैसे जास्त मिळाले की माझा ऊर भरून येतो. यार्डात माझ्यासारखा भाव चढवणारा दुसरा नाही. (हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. मी फक्त त्यांना आठवण करून देतो.)

शुक्रवारी हॉल गच्च भरला. सतरंजीवर माणसं, खिडकीत माणसं. स्वयंपाकघरात पुष्पांजली भजी तळत होती. देवानंदनं तिन्ही टीव्हींवर तीन वेगळ्या वाहिन्या लावून दाखवल्या. मग हॉलमधलं भजन मध्येच थांबवलं आणि आबांच्या खोलीत तिथूनच पुढे सुरू केलं. “अरे बाप्पा!” माणिकराव उठून उभेच राहिले. भजन म्हणणाऱ्या बुवांचं उघडं तोंड पाच मिनिटं हॉलच्या पडद्यावर तसंच राहिलं होतं आणि लोक त्याच्याकडंही टक लावून पाहत होते.

प्रेरणा मॅडमनी वही उघडली. “आता मला मोकळेपणानं सांगा. यासाठी तुम्ही किती द्याल?”

कोणी बोलेना. पहिला भाव बोलणारा फसतो, हे आमच्याकडं पोराबाळांनाही कळतं. मॅडम माझ्याकडं वळल्या. “काका, तुम्हीच जरा सुरुवात करून द्या ना.”

मी उठून उभा राहिलो. समोर माल, भोवती माणसं, आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर.

“चारशे,” माणिकराव ठरल्याप्रमाणं म्हणाले.

वास्तविक मी तिथंच “वा, वा, लिहून घ्या मॅडम” म्हणून खाली बसायला पाहिजे होतं. पण माझ्या आत काहीतरी दुखावलं. इतक्या सुंदर मालाला चारशे?

“चारशे?” मी ओरडलो. “माणिकराव, माल पाहा जरा! असा माल यार्डात वर्षातून एकदा येते! चारशे रुपयांत कोणी चाळणी देत नाही! बोला, पुढं बोला!”

माणिकराव गडबडले. “तुम्हीच तर सांगतलं होतं...”

“पाचशे,” मंजुळाबाई म्हणाल्या.

“पाचशे मंजुळाबाई! पाचशे एक वार! अहो, माणिकराव, तुमच्या डोळ्यांदेखत बाई घेऊन जाऊन राह्यली!”

“काऊन घेऊन जाईल? हजार!”

मग काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. ही सगळी माणसं आयुष्यभर यार्डात ढिगाच्या मागं उभी राहिलेली. बोलायचं व्यापाऱ्यानं, यांनी फक्त ऐकायचं. आज पहिल्यांदा बोली यांच्या तोंडात आली होती! दीड हजार झाले, अडीच झाले, चार झाले. खिडकीतल्या गीताबाईंनी तर मशीन कशाचं आहे हे न विचारताच साडेचार म्हटलं. मॅडम “एक मिनिट, एक मिनिट” म्हणत होत्या, पण यार्डात एक मिनिट कोणी कोणाला देत नाही. आबा आतून काठी टेकत आले आणि भिंतीला टेकून नुसते पाहत राहिले. माझा आवाज तर असा लागला होता की देवानंदच्या हातातला चहा थरथरत होता.

“सहा हजार चारशे!” मंजुळाबाई गुडघ्यांवर उभ्या राहिल्या होत्या.

माणिकरावांनी टोपी काढून घाम पुसला. “जाऊ द्या, नेऊ द्या त्यायले.”

“सहा हजार चारशे एक वार! मंजुळाबाईंच्या नावानं! सहा हजार चारशे, दोन वार...”

“थांबा!”

स्वयंपाकघराच्या दारात पुष्पांजली उभी होती. हातात झारा, झाऱ्यात एक भजं. आपलं मशीन, आपला रविवार, शेजारीण उचलून नेते आहे, एवढंच तिला कळलं होतं.

“सात हजार!” ती म्हणाली.

मी तिचा नवरा आहे. ‘बाई गं, ते आपल्याच घरात राहणार आहे, तू गप्प राहा,’ एवढं वाक्य मला बोलता यायला हवं होतं. पण बोली लागली की मी माणूस पाहत नाही. मी फक्त आकडा ऐकला.

“सात हजार! नवीन बोली! सात हजार, दारातून!”

“साडेसात!” मंजुळाबाई.

“आठ!”

“पुष्पा, पाहून घे वं! साडेआठ!”

“मंजुळाकाकू, मले ते पाहिजेच हाय!” पुष्पांजलीचा आवाज भरून आला. झाऱ्यातलं भजं खाली पडलं. “नऊ हजार!”

मंजुळाबाईंनी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि खाली बसल्या. “घे माय. तुहा जीव हाय त्याच्यात.”

“नऊ हजार एक वार! नऊ हजार दोन वार! नऊ हजार तीन वार!” मी रिमोट टीपॉयवर आपटला. “पुष्पांजलीबाईंच्या नावावर सुटलं!”

टाळ्या पडल्या. काय टाळ्या पडल्या! मीही वाजवल्या. एकोणीस वर्षांत माझी एवढी सुंदर हर्रास झाली नव्हती. चारशेवरून नऊ हजार! मी मान वर करून शाबासकीसाठी मॅडमकडं पाहिलं. त्या वहीत ‘नऊ हजार’ लिहून त्याखाली दोन रेघा मारत होत्या.

देवानंद माझ्या कानाशी आला. “काका, कंपनीच्या डोक्यात साडेतीन हजार होते.”

मी मटकन बसलो. सौदा मोडता येतो का, असं मी हळूच विचारणार होतो, तेवढ्यात आबा भिंतीजवळून बोलले, “तीन वार तुह्याच तोंडानं म्हटलं ना बे? आता कोणत्या तोंडानं मांगं घेतं?”

खरंच होतं. यार्डात तीन वार म्हटल्यावर फिरलेल्या व्यापाऱ्यांना मी स्वतः चारचौघांत झापलेलं आहे. मी मुकाट्यानं नऊ हजार मोजले. पुष्पांजलीला सगळा सौदा कळला तेव्हा ती आधी कपाळाला हात लावून बसली, आणि मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की मला पैशांचं दुःख थोडं कमी वाटलं. माणिकराव मात्र मला रस्त्यात गाठून म्हणाले, “भाऊ, तुमच्यानं आता साऱ्या जिल्ह्याले महाग पडते ते.”

रविवारी ती सोनाळ्याला गेली. पहाटेपासून मी मशीनसमोर. पुस्तिका पाठ केली, प्रत्येक बटण दाबून पाहिलं. सातला लाल दिवा लागला. मी स्वतः कार्यक्रम पाहिला नाही. तिच्याबरोबरच पाहायचा, असं मनाशी ठरवलं होतं. आबांनाही पाहू दिला नाही.

संध्याकाळी ती आली, आणि तिच्यामागं सगळी गल्ली. नऊ हजारांचं मशीन काय दाखवतं ते पाहायला सगळे आले होते. पुष्पांजली नवी साडी नेसून पुढं बसली. मी रिमोट उचलून बटण दाबलं.

“नमस्कार, मी पुष्पांजली.”

पूर्ण वाक्य! हॉलमध्ये टाळ्या झाल्या. तिचे डोळे पाणावले, आणि खोटं नाही सांगत, माझेही. पापड झाले, गट झाला, अकोला झालं. मग मुलाखत घेणाऱ्या मुलीनं विचारलं, “ताई, तुमचे यजमान बाजार समितीत आहेत. मालाचा भाव ठरवताना त्यांची मदत होत असेल ना?”

“माय वं!” सतरंजीवरची पुष्पांजली ओरडली. “हे कापून टाकतो म्हणत होते ना ते वाहिनीवाले!”

पडद्यावरची पुष्पांजली कॅमेऱ्याकडं पाहून गोड हसली. “नाही जी. त्यायले आम्ही भावात मधात पडूच देत नाही. मानूस चांगला हाय, पण भाव पाह्यला की त्यायचं डोकं ठिकाणावर राहत नाही.”

मग हॉल असा हसला की आबांचा ठसका थांबेना. मंजुळाबाई डोळे पुसत म्हणाल्या, “फिटले वं पुष्पा तुहे नऊ हजार! मांगं घ्या, मांगं घ्या, अजून एकदा लावा!”

सगळ्यांनी रिमोटकडं पाहिलं. मागं घेण्याचं बटण साऱ्या गल्लीत फक्त मला माहीत होतं. मी ते सात वेळा दाबलं.