निर्मळ मुक्कामी बसलेला ट्रॅक्टर उठविला त्याची हकीकत

निर्मळच्या देवास स्मरोन आणि वाडीतल्या केळींस साक्ष ठेवोन, घडले तैसे लिहितो. उणे लिहिले तर बळीरामराव रागावतील, अधिक लिहिले तर त्यांच्या पत्नी पुतळाबाईसाहेब. सबब बेताने लिहिणे प्राप्त आहे.

ऐसियास, केळबागेचे धनी राजमान्य राजश्री बळीरामराव यांचे पदरी एक लहानखुरा लाल ट्रॅक्टर होता. ऐन जवानीत त्याने केळींच्या ओळींमधून फिरोन माती उलथीपालथी केली, मोगऱ्याचे वाफे केले, शेजारपाजारच्या वाड्यांवर स्वाऱ्या केल्या, आणि मग वयोमानें बसला तो बसलाच. त्याच्या आसनावर कोंबड्यांचा अंमल जाहला आणि चाकांवर दुधीभोपळ्याने वेल चढविला. त्याच सुमारास बळीरामरावांचा गुडघाही बसला. तेव्हां उभयतांविषयी एकच मसलत एव्हरशाईन सिटीत शिजली.

तेथे चौथ्या मजल्यावर चिरंजीव दीपेशराव सहकुटुंब नांदत होते. त्यांनी फोनवरून कळविले की, ट्रॅक्टर भंगारवाल्यास द्यावा, वाडी दुसऱ्यास कसावयास द्यावी, आणि आईबाबांनी फ्लॅटात येऊन सुखें राहावे. दीपेशराव दुष्ट नव्हते. त्यांची बापावर माया होती, आणि इमारतीस लिफ्ट होती. परंतु बळीरामरावांनी पुरते ओळखले की आज ट्रॅक्टर भंगारात, तर उद्या आपण फ्लॅटात, आणि मग सकाळी उठोन पाहावयाचे काय, तर समोरच्याची बाल्कनी. त्यांनी उलट कळविले की, खंडेनवमीस ट्रॅक्टर वाडीस एक फेरी घालील, न घालील तर आम्ही आपण होऊन बिछायत गुंडाळू. दीपेशरावांनी ‘डन, बाबा’ म्हणोन करार पक्का केला.

मग बळीरामरावांनी चंदनसारहून पुतणे अल्पेशराव यांची कुमक बोलाविली. अल्पेशराव दुचाक्यांचे नामांकित वैद्य. ट्रॅक्टरास त्यांनी कधी हात लाविला नव्हता, परंतु काकांस नाही म्हणण्याची त्या घराण्यात चाल नव्हती. प्रथम कोंबड्यांस हुसकाविले, त्या तीनदां परत आल्या. मग गंजल्या बोल्टांस वेढा घालोन डिझेलात भिजत ठेविले, आणि जे शरण आले ते आले, न आले त्यांचा छिन्नीने शिरच्छेद केला. टाकीत खडी घालोन खळखळविली आणि तांबडा गाळ काढिला, नोझल साफ करविला, पट्टा नवा चढविला, डिझेलच्या नळीतील हवा काढिली. बळीरामराव गुडघ्यास मफलर आवळोन चाकापाशी बसत आणि पाने-पकडी पुरवीत, आणि पुतळाबाईसाहेब चहा व सुकट-भाकरीची रसद एक वेळही चुकू देत ना.

नवमीच्या आदल्या दिवशी हल्ला जाहला. अल्पेशरावांनी हँडल फिरविले. इंजिन दोनदां ठसकले, काळा धूर ओकले आणि गप्प जाहले. मग पुन्हा फिरविले, पुन्हा धूर. दुपारपर्यंत अल्पेशरावांचे खांदे उतरले.

“काका, आतलंच काम दिसतंय,” ते म्हणाले. “इंजिन पूर्ण खोलावं लागेल. उद्यापर्यंत नाय व्हायचं.”

बळीरामराव पालथ्या घमेल्यावर बसले आणि केळींकडे पाहात राहिले. त्यांस रडूं आले. धुराने डोळे चुरचुरतात, ऐसे त्यांनी जाहीर केले.

खंडेनवमीस सकाळी पुतळाबाईसाहेब पूजेचे ताट घेऊन ट्रॅक्टरापाशी आल्या. कोयता, फावडे पुजोन ट्रॅक्टरास हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली, आणि मग गूळभाताचा घास वळोन बॉनेटवरच्या उभ्या नळीत बोटाने सारला. अल्पेशराव शेवटचे पाने आवरीत होते, ते जागीच थबकले.

“काकी, त्या नळीतून इंजिन श्वास घेतं.”

“मग खातं कुठून?” बाईसाहेबांनी विचारिले. “सनाला उपाशी कोन ठेवतं? बंद पडलाय तरी दर वर्साला मीच भरवते. घास कधी परत नाय आला.”

दुचाकीस ऐसी नळी नसते, म्हणोन तिकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. तत्काळ नळी उतरविली आणि आत तार घातली. तेव्हां गूळभाताचे दगड निघाले, खोबरे निघाले, झेंडूच्या पाकळ्या, मुंग्यांचे एक अखंड संस्थान आणि सुपारी निघाली. बसल्या जिवासही जिने इतकी वर्षे उपाशी ठेविले नाही, तिला बोलणार काय? बळीरामरावांनी नळी धोतराने पुसोन स्वहस्ते बसविली.

मग हँडल फिरविले, आणि इंजिन ठसकले, आणि मग धडधडू लागले ते थांबेना. कोंबड्या चिंचेवर गेल्या. इतक्यात दीपेशराव सामान न्यावयास डिकी रिकामी करोन दाखल जाहले, तो बाप आसनावर विराजमान.

बळीरामरावांची खाशी स्वारी निघाली. केळींची पहिली ओळ उत्तम गेली. विहिरीपाशी वळावयाचे तो गुडघा अडला आणि पाय क्लचवर दाबेना, आणि ट्रॅक्टर विहिरीच्या कठड्याचा रोख धरोन चालला. दीपेशराव पायांतील बूट चिखलात सोडोन धावले, मागून चढले, बापाच्या पायावर आपला पाय ठेवोन दाबला, आणि कठडा हातभर राहिला असतां यंत्र थांबले.

“तू उतर, बाबा,” दीपेशराव म्हणाले.

बळीरामराव उतरले आणि बांधावर बसले. मोहीम हातची गेली, ऐसे त्यांस वाटले. परंतु दीपेशरावांनी गिअर टाकिला आणि फेरी पुढे चालविली, आणि पुरी जाहली तरी उतरले नाहीत. दुसरी घातली, मग तिसरी. सूनबाई रीमा मोटारीतून हाका मारीत होत्या, त्यांस ‘एवढी ओळ राहिलीय’ ऐसा जबाब गेला.

येणेप्रमाणे मोहिमेचा निकाल लिहिला आहे. करारात ट्रॅक्टरने फेरी घालावी इतकेच होते, कोणी हाकावा हे नव्हते; सबब बळीरामराव वाडीतच राहिले. फ्लॅटाचा विषय त्या दिवशी कोणी काढिला नाही. मुलगा जेवून जाईल काय, हे बापाने विचारिले नाही आणि मुलाने सांगितले नाही. पुतळाबाईसाहेबांनी भाकरीचे पीठ अधिक मळले, त्यावरून फत्ते जाहली ऐसे जाणावे.