काटा शून्यावर

विमानातलं आपल्याला सगळं कळतं, असं चंद्रहास राऊतांचं ठाम मत होतं. स्वतः ते आयुष्यात दोनदाच विमानात बसले होते, त्यातही एकदा झोपले. पण मुलगी वैमानिक! अनुष्काचं विमान पस्तीस हजार फुटांवरून उडतं, हे त्यांच्या चंदनसारच्या इमारतीत वॉचमनलासुद्धा पाठ होतं.

त्या दिवशी तिची परदेशातली पहिलीच खेप. सकाळी मोबाईलवर निरोप आला : 'निघतेय. तिकडच्या हद्दीत ९८०० वरून जाणार.'

"नऊ हजार आठशे?" चंद्रहास ओरडले. "अहो, तिथले डोंगर वीस हजार फुटांचे! विमान काय बोगद्यातून नेणार?"

दारात अर्नाळ्याची मासेवाली तेरेसा पापलेट कापत बसली होती. "पन कोनत्या मापानं, भाऊ? आमचा अँथनी होडीवरनं पानी वावात सांगतो, एक वाव म्हंजे सहा फूट. ते फुटात धरलं तर जाळं जायचं!"

"तेरेसाबाई, तुम्ही मासे कापा! विमानात फूटच असतात. जगभर!"

आवाज मोठा होता, पण नजर त्या ९८०० वरून हटेना. एकुलती एक पोर! त्यांच्या बायकोने, यमुनाबाईंनी, तर देव्हाऱ्यातला गणपती उचलून थेट पाण्याच्या पातेल्यात ठेवला. चंद्रहासांनी विमान कंपनीला फोन लावला. वीस मिनिटं सनई ऐकल्यावर एक मुलगी बोलली, "मी आपली काय मदत करू शकते?"

"विमान वर घ्या!"

"सर, सीट बदलून हवीय का?"

"सीट नाही हो, विमान! अख्खं विमान!"

तीनदा फोन कट झाला. चौथ्यांदा कुणा साहेबाने वैतागून अनुष्काचं नाव लिहून घेतलं.

दुपारी तिच्याकडून फोटो आला. नुसती एक तबकडी, उंची दाखवणारी. काटा शून्यावर!

"शून्य म्हणजे समुद्रसपाटी," चंद्रहास मटकन खाली बसले. "पोर समुद्रात गेली हो!"

यमुनाबाईंनी हंबरडा फोडला. चार इमारती फिरून तेरेसा पाणी प्यायला आली होती. तिने फोटो निरखून पाहिला.

"पान्यात गेली, तर फोटो कोनी काढला?"

चंद्रहास फोटो पुन्हा बघू लागले. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा! कंपनीत फोन कोणी केला? उतरल्या उतरल्या कॅप्टन मला विचारतायत, घरून आणखी काही सूचना?"

"अगं पण, नऊ हजार आठशे..."

"मीटर, बाबा! बत्तीस हजार फूट होतात! आणि इथे उतरताना त्या तबकडीत हवेचा दाब असा लावतात की धावपट्टीवर काटा शून्यावर येतो. आपल्याकडे समुद्रापासून मोजतात, इथे धावपट्टीपासून! गंमत म्हणून फोटो पाठवला, तर तुम्ही..."

चंद्रहासांचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसून, घसा खाकरून ते लगेच पहिल्यासारखे झाले.

"बघा तेरेसाबाई, मी काय म्हणत होतो? शून्य कुठून धरलंय, ते आधी विचारावं!"

यमुनाबाई गणपतीला पाण्यातून काढून पुसत होत्या.

"आपल्या घरात तुमच्यापासून धरतात!"