सरकत्या फोनला तेल

बिस्किटाचा एक कण फोनमध्ये अडकला आणि मी ठरवलं, ऑफिसला काही कळवायचं नाही, घरातल्या घरात मिटवायचं. माझे सगळे निर्णय असेच असतात, दिसायला लहान आणि अंगावर यायला मोठे.

फोन माझा नव्हता. आमचं ऑफिस पाण्याच्या मीटरचं. आमचे लोक दारोदार हिंडून मीटरचे आकडे घेतात. ते आकडे त्यांनी जागेवरूनच फोनवर टाइप करून पाठवावेत, असं साहेबांच्या डोक्यात आलं होतं. फोन तेव्हा नुकतेच शहाणे व्हायला लागले होते. कंपनीनं नमुना म्हणून एक पाठवला. वरून साधा काळा ठोकळा, पण अंगठ्यानं ढकलला की ‘खट्’ करून खालून अख्खा कीबोर्ड बाहेर. आमच्याकडे कुठलीही वस्तू घ्यायची तर आधी कुणीतरी ती घरी नेऊन वापरायची आणि मत द्यायचं, अशी पद्धत आहे. (नव्या खुर्च्यांचं मत मीच दिलं होतं. जेवून खुर्चीत बसलो तो संध्याकाळी उठलो, आणि ‘उत्तम’ म्हणून कळवलं. तेव्हापासून आमच्या ऑफिसात दुपारी फारसं काम होत नाही.)

“नीट तपासा,” साहेब म्हणाले. “मीही अधूनमधून फोन करून बघेन. तपासणी चोख झाली तर खिडकीजवळचं टेबल तुमचं.”

नोकरीला लागल्यापासून मी रेकॉर्डच्या कपाटाकडे तोंड करून बसतो. लोखंडी, राखाडी कपाट. खिडकीत मात्र एक झाड आहे, झाडामागे आभाळ आहे, आणि दुपारी तिथल्या टेबलावर पानांच्या सावल्या हळूहळू एका कडेकडून दुसऱ्या कडेला जातात. हेडक्लार्क निवृत्त झाल्यापासून ते टेबल रिकामं होतं. मला पगारवाढ नको होती, मला ढग हवे होते. हे मी बायकोला बोललो नाही. तिला पगारवाढ हवी होती.

सुरुवातीला मी नेमकं काय तपासलं, ते मला आजही सांगता येणार नाही. गॅलरीत आरामखुर्चीत बसायचो, फोन उघडायचो, मिटायचो. ऊन उतरलं की कळांखाली निळसर उजेड लागायचा आणि मांडीवर एखादं लहानसं गाव दिवे लावून बसलंय असं वाटायचं. मग मी त्यावर कुणालाही न पाठवायच्या गोष्टी लिहायचो. वारा सुटलाय. पडदा हलतोय. समोरच्या गच्चीवरची चादर वाळली, पण कुणी न्यायला आलं नाही. लिहायचो आणि पुसून टाकायचो. इतका सुखी मी बऱ्याच वर्षांत झालो नव्हतो.

“काय करताय?” बायकोनं विचारलं.

“ऑफिसचं काम.”

“मग ऑफिसात जाऊन काय करता?”

याच सुखात चहा होता, चहात बुडवायला बिस्कीट होतं, आणि त्याचा तो कण. ‘खट्’च्या जागी ‘कर्र’ असा आवाज यायला लागला. फोन अर्ध्यावर अडायचा. माझ्या डोळ्यांसमोर कपाट उभं राहिलं. सोमवारी फोन परत द्यायचा होता.

म्हणून मी नानांकडे गेलो. नाना म्हणजे माझे सासरे, आमच्याकडेच राहतात. जन्मभर त्यांनी शिलाई मशीनं दुरुस्त केली. त्यांच्या हिशेबी जगात वस्तू दोनच प्रकारच्या, तेल घातलेल्या आणि तेल न घातलेल्या. घरातली दारं, कात्र्या, पंखा, बायकोच्या चष्म्याच्या काड्या, सगळ्यांना त्यांच्या लांब नळीच्या कुपीतलं तेल मिळालेलं आहे. आमच्याकडे एकही दार वाजत नाही. (त्यामुळे मागे कुणी येऊन उभं राहिलं तरी कळत नाही. कुणी म्हणजे बायको.)

“जावईबापू, ह्याला कोरडं मारलंय तुम्ही,” नाना म्हणाले.

“नाना, हा फोन आहे.”

“सरकतो ना?”

“सरकतो.”

“मग त्याला तेल लागणार. त्यात काय विचारायचं.”

मी नको म्हणेपर्यंत दोन्ही कडांना धार गेली होती. कण कुठल्या कुठे गेला. फोन असा अलगद सरकायला लागला की ‘खट्’सुद्धा ऐकू येईना. मला भरून आलं. नानांनी कुपी पुसून ठेवली आणि असल्या फालतू कामाला आपल्याला बोलावल्याबद्दल मला चार शब्द सुनावले.

एक गोष्ट मात्र मी विसरलो. या फोनची रीत अशी, की कॉल आला असताना कीबोर्ड उघडला तर कॉल आपोआप घेतला जायचा. आणि नानांच्या झोपेसाठी मी फोनची घंटा बंद करून नुसती थरथर चालू ठेवली होती.

रविवारी दुपारी जेवून मी आरामखुर्चीत आडवा झालो. फोन छातीवर होता. वारा येत होता, पडदा गालाला लागून जात होता, आणि मी ना धड जागा, ना धड झोपलेला. फोन थोडा थरथरला असावा. मला ते गोड वाटलं. बाकीचं काम तेलानं केलं.

“उद्या साहेबांना सांगणार काय?” आतून बायकोचा आवाज आला.

“छान आहे म्हणेन,” मी डोळे मिटूनच म्हणालो. “मला ते टेबल हवंय.”

“कुठलं टेबल?”

“खिडकीतलं. तिथे बसून मी नुसता बाहेर बघणार. मग डोळे मिटणार. सावल्या टेबलावरून जातील, माझ्या हातांवरून जातील.”

“आणि काम?”

“कपाटाकडे तोंड करून तरी कुठे होतंय? शिवाय साहेब स्वतः त्या खिडकीच्या काचेत बघून भांग पाडतात. त्यांना कोण विचारतं?”

“फोन मी बरा केलाय, हे पण सांगा म्हणावं,” नाना पलंगावरून म्हणाले. “थेंबभर तेल, बस. असले ढीगभर आणून टाका, सगळे लोण्यासारखे सरकवून देतो.”

“सांगतो, नाना.”

“सांगायची गरज नाही. ऐकू येतंय मला,” माझ्या छातीतून साहेबांचा आवाज आला.

मला मुळीच धक्का बसला नाही, हे मी खरं सांगतो. अशा दुपारी काहीही होऊ शकतं. मी प्रेमानं म्हणालो, “साहेब, आज सुट्टीच्या दिवशीसुद्धा स्वप्नात आलात?”

“उद्या भेटा,” छाती म्हणाली.

सोमवारी मी फोन घेऊन साहेबांसमोर उभा राहिलो. साहेबांचा भांग विस्कटलेला होता.

“फोन पसंत आहे,” ते म्हणाले. “आतल्या खोलीतल्या वहिनींचा शब्दन् शब्द स्वच्छ ऐकला मी. सगळ्यांसाठी घेऊ.”

“आणि टेबल, साहेब?”

“तिथे बसून तुम्ही काय करणार, ते तुम्हीच सांगितलंत.”

मी कपाटाकडे परत आलो. पुढे सगळ्यांसाठी फोन आले, आमची माणसं ते खिशात टाकून हिंडली, आणि त्यांत रस्त्यावरची धूळ गेली. पूर्ण ऑफिस ‘कर्र’ ‘कर्र’ करायला लागलं. साहेबांना नाना आठवले. नाना मानधनावर आले, पण आल्याआल्या अट घातली. बारीक काम आहे, भरपूर उजेड लागेल.

ऑफिसात भरपूर उजेड एकाच टेबलावर येतो.

आता रोज सकाळी मी नानांची पिशवी धरून त्यांना खिडकीशी नेऊन बसवतो आणि माझ्या जागी जातो. एखादा फोन झाला की ते बाहेर बघतात आणि मला मोठ्यानं सांगतात, “जावईबापू, केवढा ढग आलाय, बघायला हवा होता तुम्ही.” मी कपाटाकडे बघून मान डोलावतो. काल दुपारी मात्र ते काही बोलेनात, म्हणून मी खुर्ची मागे ढकलून वळून बघायला लागलो, तर साहेब पावलं न वाजवता माझ्याजवळ आले आणि कानाशी वाकून म्हणाले, “खुर्ची वाजवू नका हो. नानांचा डोळा लागलाय.”