एका दिवसात अख्खं शहर

शहर दाखवावं तर आम्हीच! या शहरावर मी वर्तमानपत्रात उभी हयात विनोदी सदर लिहिलं. इथला एक साहेब असा नाही ज्याने मला दम दिला नाही, आणि एक खड्डा असा नाही ज्यात मी पडलो नाही. त्यामुळे मुलीने विचारलं, "बाबा, दोन्ही पोरांना घेऊन एकटे जाल?" तेव्हा मी छाती काढून म्हणालो, "एका दिवसात अख्खं शहर दाखवून आणतो. संध्याकाळी पोरं मोजून घे!"

"पोरांची काळजी नाही हो, तुमची आहे," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि बाबा, तिला काही कळता कामा नये."

तिला म्हणजे माझ्या नातीला. आठ वर्षांची आहे. घरात तिला माऊ म्हणतात. माऊची नजर कडेकडून मिटत चालली आहे. समोरचं दिसतं, पण नळीतून बघावं तेवढंच. दाराच्या चौकटीला तिचा खांदा आपटतो, ताटाच्या कडेची वाटी सापडत नाही, दिवेलागणीनंतर भिंतीला हात लावून चालते. आणि ती नळीही बारीक होत चालली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किती दिवस, ते सांगता येणार नाही. दाखवता येईल तेवढं दाखवून घ्या." औषध त्यांनी सांगितलं नाही. नव्हतंच.

तिचा धाकटा भाऊ पाच वर्षांचा. त्याला सगळे भोंगा म्हणतात. का, ते विचारू नका. तो कानात बोलला तरी शेजारचे 'ओ' देतात.

शहरदर्शनाच्या बसमध्ये आम्ही पहिलं बाकडं पटकावलं. खिडकीशी माऊ, मध्ये मी, पलीकडे भोंगा. गाइड काडीसारखा तरुण होता. माइक जवळजवळ गिळूनच बोलायचा.

"आपल्या डावीकडे ऐतिहासिक घड्याळाचा मनोरा!"

डावीकडे, हिरवं कापड गुंडाळलेलं काहीतरी उभं होतं. न्हाव्याच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकासारखं! डागडुजी चालू होती.

"आजोबा, घड्याळ कुठंय?" माऊने विचारलं.

"कापडाच्या आत."

"मग बिचाऱ्याला बाहेरचं काहीच दिसत नसेल."

मी खोकलो. अशा वेळी खोकला फार उपयोगी पडतो.

पुढे तळं आलं. तळ्यात सगळं होतं. गाळ होता, फावडी होती, एक अनाथ चप्पल होती. पाणी तेवढं नव्हतं!

"इथे रंगीत कारंजी उडतात," गाइड म्हणाला.

"उडवा ना!" भोंगा ओरडला.

"पाणी सोडल्यावर. आता पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी! मी ताडकन उठलो. "पुढच्या वर्षी चालणार नाही! आम्हाला आजच दाखवा!"

"काका, तळं काय माझ्या खिशात आहे? एवढी घाई कसली तुम्हाला?"

माझ्याआधी उत्तर भोंग्याला सुचलं.

"ताईला लवकर लवकर बघून घ्यायचंय! नंतर तिला दिसणार नाहीये!"

सगळ्या माना आमच्या बाकड्याकडे वळल्या. मला वाटतं, इंजिनानेही क्षणभर श्वास रोखला.

"म्हणजे... बस पुढे गेली की मागचं दिसणार नाही, असं म्हणतोय तो!" मी हसत हसत सांगितलं. आयुष्यभर विनोद करून पोट भरलं, पण इतका पडलेला विनोद माझ्या हातून कधी झाला नव्हता. माऊ खिडकीबाहेर बघत होती. तिने ऐकलं नसणार, असं मी ठरवून टाकलं.

तिथून बसची सूत्रं माझ्या हातात राहिली नाहीत. माणसं वाईट असती तर परवडलं असतं. ही सगळी चांगली निघाली!

"बाळ, ती लाल इमारत बघितलीस?"

"इकडे बघ गं पोरी, कबुतरं! कबुतरं!"

"ती तिसरी खिडकी दिसतेय ना? तिथे माझा साडू कामाला आहे!"

मागच्या बाकड्यावरच्या एका जाडजूड बाईंनी स्वतःची दुर्बीण तिच्या डोळ्यांना लावली. घाईत उलटी लावली, त्यामुळे होतं नव्हतं तेही मैलभर लांब गेलं. गाइडने पाठ केलेलं भाषण सोडून दिलं. "समोर विजेचा खांब! खांबावर तार! तारेवर कावळा! कावळा उडाला... हा बघा, दुसरा आला!" सगळे तिच्या खिडकीवर लोटले. ड्रायव्हर ओरडला, "अहो, एका बाजूला जाऊ नका! गाडी कलतेय!" आणि माझी माऊ टेबलफॅनसारखी मान फिरवत प्रत्येकाला म्हणत होती, "हो, दिसलं. हो, छान आहे."

प्राणिसंग्रहालयात तर कहर झाला. पाणघोडा पाण्याखाली बसला होता. वर फक्त दोन नाकपुड्या! अख्खी बस कठड्याला लागली आणि ओरडू लागली. "डावीकडे!" "नाही हो, उजवीकडे!" "त्या पानाच्या मागे!" माऊची नळी हिरव्या पाण्यावर इकडून तिकडे फिरत होती. ती डावीकडे पोचायची तोवर नाकपुड्या उजवीकडे! "दिसला का? दिसला का?" म्हणून माझा घसा बसला.

आणि माऊने डोळे मिटले. घट्ट.

माझं धाबं दणाणलं. भर दुपार, लख्ख ऊन, आणि ही उजेड वाया घालवतेय! "माऊ, डोळे उघड! अगं, तो वर येतोय!"

"नको आजोबा. मी दमले बघून."

"थोडंसंच राहिलंय बाळ..."

"शिवाय मी सराव करतेय," ती म्हणाली. "रोज करते. आंघोळीला जाताना, जिन्यावर. आता मला मोजे पण न बघता घालता येतात."

आजूबाजूची माणसं एकेक करून मागे सरकली. दुर्बीणवाल्या बाईंना अचानक माकडं बघायची आठवण झाली.

"तुला... कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. पण आधी मला कोणी काही दाखवायचं नाही. आता बाबा पहाटे उठवून सूर्य दाखवतात. मावशीने सगळ्या नातेवाइकांचे फोटो दाखवले, मेलेल्यांचे पण! आणि आई तर नुसती समोर येऊन बसते." ती जरा थांबली. "आईला सांगू नका हं. तिला वाटतं, मला माहीत नाही. कळलं तर ती पुन्हा मोरीत नळ सोडून रडेल."

मी खोकून पाहिलं, पण या वेळी खोकलाही उपयोगी पडला नाही.

"तुम्ही पण मिटा डोळे," ती म्हणाली. "सोपं असतं. मी धरते."

आजी-माजी सगळे खड्डे पाठ असलेला मी! डोळे मिटून तिच्या हाताला धरून निघालो. एक, दोन, तीन पावलं झकास. चौथ्याला कोणावर तरी जाऊन आदळलो. जाड गृहस्थ होते, पोट सुटलेलं. "माफ करा हं साहेब, चुकलंच माझं," मी अदबीने म्हणालो. गृहस्थ काही बोलेनात. मी पुन्हा माफी मागितली.

"आजोबा, ती कचऱ्याची पेटी आहे!" भोंगा किंचाळला. "पेंग्विनसारखी!"

माऊ हसली. पोट धरून, खाली बसून हसली. दिवसभर अख्ख्या शहराला जे जमलं नव्हतं, ते एका कचराकुंडीने करून दाखवलं. मी मात्र डोळे मिटूनच उभा राहिलो. उघडले असते तर ते ओले दिसले असते, आणि तिला समोरचं अजून चांगलं दिसतं.

घरी आलो तेव्हा मुलगी दारातच उभी होती. पोरं आत पळाली तशी तिने माझी बाही धरली.

"बाबा, खरं सांगा. तिला काही कळलं नाही ना?"

"छे! तिला कशाचं काय कळतंय!"

"नक्की?"

"नक्की."

तिने केवढा तरी मोठा श्वास सोडला आणि माझ्यासाठी पाणी आणायला गेली.

जन्मभर मी खरं तेच लिहिलं. लोक म्हणायचे, काय थापा मारता राव! आज पहिल्यांदा धडधडीत थाप मारली, तर तिच्यावर लगेच विश्वास ठेवला गेला.